‘लूट डील’ खरी की खोटी? लॅपटॉप घ्यायचाय, पिनकोड खानापूर

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. पोरीने बीसीएला प्रवेश घेतलाय, लॅपटॉप पाहिजे. ४५ हजारांच्या वर जायचं नाही. डील टाकणारे टेलिग्राम चॅनेल आणि एक-दोन ग्रुप लावून ठेवलेत. दिवसभर ‘लूट लूट’ म्हणून घंटा वाजते आणि उघडून बघावं तर किंमत तीच, नाहीतर माल संपलेला. यातलं खरं स्वस्त कुठलं आणि नुसता गाजावाजा कुठला, हे ओळखायचं कसं?

माझं खातं ग्रामीण बँकेत, क्रेडिट कार्ड नाही. भाच्याकडे आहे, तो कोल्हापुरात असतो. त्याच्या कार्डावर घेतलं तर चालतं का? पत्ता खानापूरचा द्यावा, बेळगावातल्या मेहुण्यांचा, की कोल्हापूरचा? आणि कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप १८-२० हजारांत मिळतात म्हणतात, त्या नादाला लागावं का?

टिळकवाडी_टेक

आधी चॅनेल आणि ग्रुप वेगळे करा. टेलिग्राम चॅनेलवर एकच माणूस टाकतो, बऱ्याचदा तर बॉटच. त्याची कमाई लिंकवर असते. ॲमेझॉनच्या लिंकमध्ये ‘टॅग’ लिहून पुढे त्याचं खातं असतं, शेवटी वजा २१ असा आकडा. तुम्ही त्या लिंकवरून आत गेलात आणि पुढच्या २४ तासांत दुसरंच काही घेतलंत, तरी त्याला कमिशन. यात तुमची किंमत वाढत नाही, त्यामुळे तक्रार करण्यासारखं काही नाही. पण एक ध्यानात ठेवा: तुम्ही वस्तू घेण्यात त्याचा फायदा आहे, स्वस्तात घेण्यात नाही. म्हणून तो दिवसाला शंभर ‘लूट’ टाकतो.

देसीडाइमसारख्या, लोक डील टाकून चर्चा करतात त्या साइटवर, किंवा रेडिटवरच्या डीलच्या चर्चांत, खाली लोक मतं देतात आणि भांडतात. खरा माल त्या भांडणात आहे. ‘मागच्या सेलला यापेक्षा कमी होता’, ‘कूपन लागत नाहीये’, ‘विक्रेता बदललाय, रेटिंग बघा’ हे सगळं कॉमेंटीतच कळतं. डील वाचायच्या आधी खालच्या दहा कॉमेंटी वाचायची सवय लावा. कॉमेंट बंद असलेल्या जागी फक्त वस्तूचं नाव घ्यायचं आणि पडताळणी स्वतः करायची.

पडताळणी अशी. ॲमेझॉनची लिंक उघडली की वरच्या वेब-पत्त्यात ‘डीपी’ या अक्षरांनंतर दहा अक्षर-आकड्यांचा कोड दिसतो, बहुतेक वेळा ‘बी०’ने सुरू होणारा. तो कोड त्या नेमक्या वस्तूचा. कीपा या जुन्या किंमती दाखवणाऱ्या साइटवर टाकलात की किंमतीचा आलेख येतो. बायहटके फ्लिपकार्टसुद्धा दाखवतं. एक दिवस, एक आठवडा बघू नका, निदान सहा महिन्यांचा आलेख बघा. सेलच्या आधी दोन आठवडे किंमत वर चढवून मग ‘३०% सूट’ म्हणून जुन्याच जागी आणली असेल तर ते डोंगराएवढं दिसतं. खोडून दाखवलेल्या एमआरपीकडे बघूच नका. लॅपटॉप त्या किंमतीला कुणीच विकत नाही.

आलेख वाचताना तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक, त्यात बँकेची सूट आणि कूपन धरलेलं नसतं, नुसती पानावरची किंमत असते. तेव्हा आलेखातला नीचांक ४१,९९० आणि आज ४२,९९० असेल, पण आज बँकेचे दीड हजार कमी होत असतील, तर आजचीच खरेदी स्वस्त. दोन, रॅम-एसएसडी बदलली की कोड बदलतो. ८ जीबीचा आलेख बघून १६ जीबीची किंमत महाग ठरवू नका. तीन, एखाद्याच दिवशी खोल खड्डा दिसला तर तो चुकून पडलेला भाव असतो, त्याला ‘नेहमीचा कमी भाव’ समजायचं नाही.

तसल्या ‘प्राइस एरर’वर ऑर्डर टाकणारे हौशी लोक आहेत. बहुतेक ऑर्डरी विक्रेता रद्द करतो आणि कार्डाचे पैसे परत यायला काही दिवस जातात. कॉलेज तोंडावर असताना ते पैसे अडकवण्यात अर्थ नाही.

लॅपटॉपचं नाव पूर्ण मॉडेल नंबरासकट उतरवून घ्या. ‘आयडियापॅड स्लिम ३’ किंवा ‘एचपी १५’ एवढं सांगून काही कळत नाही. एकाच नावाखाली प्रोसेसर, रॅम, स्क्रीन सगळं वेगळं असलेले डझनभर प्रकार विकले जातात. दोन-तीन नंबर पक्के करा, त्यांच्यावर किंमतीची सूचना लावा आणि चॅनेल सगळे म्यूट करा. घंटा वाजायची तेव्हाच वाजू दे.

वेळेचं म्हणाल तर जुलैत प्राइम डे, ऑगस्टात स्वातंत्र्यदिन, मग दसऱ्याच्या आधीचा मोठा सेल (२०२५ ला दोन्ही मोठ्या दुकानांचा २३ सप्टेंबरला लागला होता) आणि जानेवारीत प्रजासत्ताक दिन. कॉलेज जूनमध्ये सुरू होत असेल तर दसऱ्यापर्यंत थांबून पोरीचं सेमिस्टर घालवू नका.

हिशेबनीस

कार्डाचं मी सांगतो, कारण पोस्टातली किंमत आणि हातातून जाणारे पैसे यात फरक इथेच पडतो.

‘१०% इन्स्टंट डिस्काउंट’ याच्याखाली बारीक अक्षरात ‘कमाल ₹१,५००’ असं काहीतरी असतं. ४३,९९० चा लॅपटॉप धरा. पानावर ₹१,००० च्या कूपनची चौकट असेल तर टिक करायची. ती आपोआप लागत नाही, लोक हमखास विसरतात. राहिले ४२,९९०. त्यावर बँकेचे १,५००, म्हणजे ४१,४९०. दहा टक्के म्हणून जाहिरात, प्रत्यक्षात साडेतीन. डील टाकणारा ‘४१,४९० मध्ये’ असं लिहितो ते या तिन्ही पायऱ्या धरून. एक जरी हुकली तर तुम्हाला तो भाव दिसणार नाही आणि डील खोटी वाटेल. अर्धे पैसे गिफ्ट कार्डाने भरलेत तर बँकेची सूट बहुधा फक्त कार्डावरून गेलेल्या रकमेवर बसते, तेही बघा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ फुकट नसतो. ४२,००० सहा हप्त्यांत, म्हणजे महिना ७,०००. बँकेचा दर १६% धरला तर त्यात व्याज निघतं ₹१,८९२. दुकान तेवढी सूट आधीच देतं, म्हणून ‘नो कॉस्ट’. पण त्या व्याजावर १८% जीएसटी, ₹३४१, तुमच्या बिलात येतो. प्रोसेसिंग फी समजा ₹१९९, त्यावर पुन्हा जीएसटी, झाले ₹२३५. एकूण ₹५७५ च्या आसपास वरचे. हप्त्यांची गरजच असेल तर हे महाग नाही, पण रोख पैसे हातात असताना हप्ता घ्यायचं कारण नाही.

भाच्याच्या कार्डावर घेतलं तर काही बिघडत नाही. खातं तुमचं, पत्ता तुमचा, बिल तुमच्या नावाचं, पैसे त्याच्या कार्डातून. ओटीपी त्याच्या मोबाईलवर येणार, तेव्हा त्याला आधी फोन करून ठेवा. सेलमध्ये पैसे भरायला मिनिटं मोजकीच असतात. परतावा आला तर तो त्याच्याच कार्डात जाणार. एका कार्डावर एका सेलमध्ये सूट ठरावीक वेळाच मिळते, त्याने आधी वापरलीय का तेही विचारा.

ग्रुपमध्ये ‘अमुक बँकेचं कार्ड पाहिजे, ₹५०० कमिशन’ असले मेसेज येतील. त्यात कार्डवाल्याने आपल्या पैशाने मोबाईल मागवून अनोळखी माणसाच्या पत्त्यावर पाठवायचा आणि पैसे नंतर घ्यायचे असा धंदा असतो. माल पोचल्यावर समोरचा गप्प बसला की हातात पुरावा काही नाही. वर्षाला कार्डाचं बिल १० लाखांच्या पुढे भरलं गेलं तर बँक ते आयकर खात्याला कळवते, हेही त्या कमिशनवाल्यांना आठवत नसतं. भाच्याला सांगा, घरच्यांपुरतं ठेव म्हणून.

दूधगंगा_पल्याड (निपाणी)

पिनकोडावर बरंच अवलंबून आहे. विकत घेण्याआधी वस्तूच्या पानावर पिनकोड बदलून बघा: खानापूर ५९१३०२, बेळगाव ५९०००१, कोल्हापूर ४१६००१. पोचण्याची तारीख, कॅश ऑन डिलिव्हरी, एक्स्चेंज, ओपन बॉक्स, अगदी विक्रेतासुद्धा बदलतो. विक्रेता बदलला की किंमतही. म्हणून कुणी ‘मला ४०,९९० दिसतंय’ म्हणालं आणि तुम्हाला दिसत नसलं, तर आधी त्याचा पिनकोड विचारा. आमच्याकडे ५९१२३७ ला न येणारी वस्तू कागलला येते असंही होतं, म्हणून सीमेवरची निम्मी माणसं दोन पत्ते ठेवून असतात.

तुमच्यासाठी बेळगाव. कारण एकच: ओपन बॉक्स डिलिव्हरी तालुक्याच्या गावापेक्षा शहरात मिळण्याची शक्यता जास्त. त्यात डिलिव्हरीवाला दारात खोका उघडतो, तुम्ही बघायचं, मगच ओटीपी द्यायचा. ओटीपी दिला म्हणजे ‘माल बरोबर मिळाला’ असं तुम्ही लिहून दिलं. तो घाई करतो, अजून चाळीस पार्सलं आहेत म्हणतो, करू दे. स्क्रीन, बिजागरी, कोपरे, चार्जर बघा. खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा नंबर जुळवा. मेहुणे घरी नसतील त्या दिवशी पार्सल येऊ देऊ नका, शेजाऱ्यांकडे तर अजिबात ठेवायला सांगू नका.

ओपन बॉक्स नसेल तर व्हिडिओ. एका दमात, मध्ये न तोडता: आधी पार्सलच्या सहाही बाजू आणि पत्त्याचं लेबल वाचता येईल असं, मग टेप कापताना, मग आतलं सील, मग सिरीयल नंबर, मग पॉवर ऑन. खोका उघडल्यावर सुरू केलेला व्हिडिओ कुणी धरत नाही.

लॅपटॉप-मोबाईलवर आता बहुतेक ठिकाणी ७ दिवसांत बदलून मिळतो, पैसे परत नाहीत. आणि बदलण्याआधी टेक्निशियन येऊन बघतो. तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच सगळं तपासा: सगळे यूएसबी, कॅमेरा, माइक, वायफाय, हेडफोन, पांढऱ्या-काळ्या पडद्यावर ठिपके. वॉरंटी कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून बघा. जुना स्टॉक असेल तर वॉरंटी चार-सहा महिने आधीच सुरू झालेली दिसते. बिल पाठवून तारीख दुरुस्त करून घेता येते, पण ती तुम्हीच मागावी लागते.

सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे का हेही आधीच बघा. काही ब्रँडना हुबळी किंवा कोल्हापूर गाठावं लागतं. हजार रुपये वाचवून दोनदा हुबळी केली की झालं.

एक्स्चेंजचं: जुना फोन देणार असाल तर पानावरचा आकडा म्हणजे ‘सगळं नीट असेल तर’. दारात आलेला माणूस आयएमईआय जुळवतो (*#०६# दाबून येतो तो), काच, बटणं बघतो. फोनवरून गुगल खातं काढून, रीसेट करून ठेवा, नाहीतर तो घेत नाही आणि फरकाचे पैसे जागेवर मागतो.

खडेबाजार_कट्टा

एवढी यातायात करण्याआधी तोच मॉडेल नंबर बेळगावातल्या दोन दुकानांत विचार की भावा. ऑनलाइनचा शेवटचा भाव मोबाईलवर दाखवायचा आणि गप्प उभं राहायचं. पाइन लॅब्सच्या मशीनवर कंपनीचा कार्ड कॅशबॅक दुकानातही असतो, तो विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. बॅग-माऊस फुकट देतो म्हणतील. नको म्हणायचं, त्याचे पैसे कमी करून घ्यायचे.

जुना_थिंकपॅड

१८-२० हजारांच्या जुन्या लॅपटॉपबद्दल. वाईट नाहीत, पण ‘आय५, १६ जीबी, एसएसडी, फक्त १४,९९९’ या डीलमध्ये एक गोष्ट मुद्दाम लिहिलेली नसते: प्रोसेसरची कितवी जनरेशन, म्हणजे पिढी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची लागते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहाव्या-सातव्या जनरेशनचे ऑफिसचे लॅपटॉप ढिगाने बाजारात आलेत आणि जुगाड करून विंडोज ११ टाकून विकले जातात. नंबर वाचायला सोपा आहे: आय५-७३००यू मधला पहिला ७ म्हणजे सातवी, नको. आय५-८३५०यू म्हणजे आठवी, चालेल. थिंकपॅड टी४७० आणि टी४८० दिसायला भाऊ-भाऊ, पण टी४८० घ्यायचा. त्यात रॅमचे दोन स्लॉट आहेत, बॅटऱ्याही दोन, बाहेरची चुटकीसरशी बदलते.

हातात आला की तीन तपासण्या. एक, कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द, मग स्पेस, स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’, हे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. जी फाइल तयार होते तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता दिसते. निम्म्याखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किंमतीतून कापून मागा. दोन, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग) जाऊन बघा, पासवर्ड मागितला तर सोडून द्या. तो काढणं घरचं काम नाही. तीन, आणि हे कुणी करत नाही: विंडोज रीसेट करून इंटरनेट जोडून पहिल्यापासून सुरू करा. कुठल्या तरी कंपनीचं नाव आणि लॉगिन आलं, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या यादीत आहे. आज चालेल, पुढच्या रीसेटला अडकेल.

विक्रेत्याकडून बिल आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी घ्या, ‘टेस्टिंग वॉरंटी’ नव्हे. पोरीला चार वर्षं वापरायचाय आणि बजेट ४५ आहे, तर माझं मत नवीनच घ्या. जुना घेण्यात मजा आहे ती स्क्रू ड्रायव्हर हातात धरणाऱ्याला.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार. दोन नंबर काढले. एकात रायझन ५ ७५२०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, किंमत ३४,९९०. दुसऱ्यात रायझन ५ ७५३०यू, १६ जीबी, ४३,९९०. दोन्हीवर रायझन ५ च लिहिलंय. पहिल्यावर ग्रुपमध्ये लोक तुटून पडलेत. नऊ हजार वाचवून रॅम नंतर वाढवली तर?

टिळकवाडी_टेक

नाही. या मालिकेत तिसरा आकडा बघायचा, तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये तो २, म्हणजे झेन २, चार कोर. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३, सहा कोर. पहिला ७ नुसता विक्रीच्या वर्षाचा. पेट्यांवर दोन्ही ‘७००० सिरीज’ आणि दोन्ही ‘रायझन ५’, म्हणून डील टाकणाऱ्यांचं फावतं.

त्याहून मोठी अडचण रॅमची. ७५२०यू ला फक्त एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम चालते आणि ती बोर्डावर पक्की डकवलेली असते. ८ म्हणजे कायमची ८, वाढवायची सोयच नाही. बीसीएला पुढे अँड्रॉइड स्टुडिओ आणि एम्युलेटर, नाहीतर व्हर्च्युअल मशीन उघडलं की ती पुरत नाही. ७५३०यू वाल्यांत काहींना स्लॉट असतो, काहींना नसतो. १६ घेताय तर फारसा फरक पडत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅम भडकलीय, त्यामुळे ‘आता ८ घेऊ, नंतर स्वस्तात टाकू’ हा जुना सल्ला सध्या उलटतो. ३४,९९० ला तुटून पडलेले लोक बहुधा ऑफिसच्या कामाला घेणारे आहेत, त्यांना तो ठीक आहे.

स्क्रीनही वाचा. ‘२५० निट्स, ४५% एनटीएससी’ (निट्स म्हणजे पडद्याचा उजेड, एनटीएससी म्हणजे रंगांची व्याप्ती) असेल तर रंग फिके आणि दिवसा खिडकीजवळ दिसायला त्रास. ३०० निट्स मिळाला तर हजारभर जास्त द्यायला हरकत नाही.

आकडेमोड_अथणी

मधेच विचारतो. माझं झेरॉक्सचं दुकान आहे, जीएसटी नंबर २९ ने सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकाचा. कोल्हापूरच्या पत्त्यावर मागवलं तर इनपुट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळतं का?

हिशेबनीस

तुमच्या नोंदणीतलाच कर्नाटकातला पत्ता द्या आणि ऑर्डर करण्याआधी जीएसटी नंबर भरा, नंतर घालता येत नाही. विक्रेता महाराष्ट्रातला (२७) असला तरी बिलात आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) १८% लागेल आणि तो तुम्हाला घेता येईल. कोल्हापूरच्या पत्त्यावर मागवून महाराष्ट्राचा एसजीएसटी (राज्याच्या वाट्याचा जीएसटी) बिलावर आला की तो वाया गेला. घरगुती घेणाऱ्याला मात्र बेळगाव काय, कोल्हापूर काय, कर सारखाच. ‘तिकडे टॅक्स कमी’ हे उगाच.

मलप्रभाकाठ, चुकीचा माल आला आणि दुकान ऐकेना, तर ॲपमधल्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी टाका. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानेही जमलं नाही तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ग्रुपातल्या लिंकने भलत्याच साइटवर नेऊन यूपीआयने पैसे घेतले असतील तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून तासाभराच्या आत १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

आणि त्या ४३,९९० वाल्याची ऑफर आत्ता उघडून बघितली. दीड हजारांची सूट फक्त ईएमआयवर आहे, पूर्ण पैसे एकदम भरले तर नाही. तेव्हा भाच्याला सहा नव्हे, तीन हप्ते निवडायला सांगा. वर मांडलेल्याच दराने ४२ हजारांवर तीन महिन्यांचा वरखर्च ₹४३२ पडतो. दीड हजारांतून तो वजा जाऊन हजारभर तरी हातात राहतात.